आधी बेडी, मग सुनावणी

एडिसनहून एलिझाबेथ गाडीने अर्ध्या तासावर. न्यूअर्क विमानतळाजवळच्या गोदामांच्या वस्तीत तिथे एक जुनं गोदाम आहे. आता ते इमिग्रेशन खात्याने पकडलेल्या माणसांचं कोठडीघर झालं आहे. ८ मार्च २०२५ च्या रात्री कोलंबिया विद्यापीठातल्या पॅलेस्टाइन-समर्थक आंदोलनात पुढे असलेल्या आणि तिथेच नुकतंच शिक्षण पुरं केलेल्या महमूद खलील याला न्यूयॉर्कमधल्या त्याच्या इमारतीतून उचललं आणि काही तासांसाठी इथे आणून ठेवलं. त्याच्याकडे ग्रीन कार्ड होतं. बायको अमेरिकन नागरिक, आठ महिन्यांची गरोदर. पहाटे ४.४० ला वकिलाने न्यूयॉर्कच्या कोर्टात कोठडीला आव्हान देणारा हेबियस कॉर्पसचा अर्ज दाखल केला तेव्हा खलील न्यूयॉर्कमध्ये नव्हताच, हडसन नदी ओलांडून न्यू जर्सीत पोचला होता. पाठोपाठ त्याला विमानाने लुइझियानाला नेलं. एलिझाबेथमधल्या त्या काही तासांमुळे त्याचा अर्ज पुढे न्यू जर्सीच्या फेडरल कोर्टाकडे आला.

या अर्जावरून एडिसनमधल्या एका मराठी घरात मामा आणि भाची यांच्यात जो वाद लागला, तो अजून मिटलेला नाही. मामा ऐंशीच्या दशकात दादरहून आलेले, आयुष्यभर औषधांच्या कारखान्यात इंजिनिअर, आता निवृत्त आणि अमेरिकेचे नागरिक. भाची पुण्याची. इथे येऊन कायदा शिकली, इमिग्रेशनच्या खटल्यांत वकिली करते आणि स्वतः एच-वन-बी व्हिसावर आहे. दोघंही तावातावाने बोलतात, पण हवेत बोलत नाहीत.

मामांचं पहिलं म्हणणं सरळ आहे. "अगं, व्हिसा ही परवानगी आहे, हक्क नाही. मी बारा-तेरा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत काढली. त्या काळात मी कुठल्या मोर्चात गेलो नाही, कुठे सही केली नाही. कुणी मला धमकावलं नव्हतं. दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून गेल्यावर यजमानाच्या भांडणात पडू नये, एवढं मला कळत होतं."

"पाहुणा कधी घराचा हप्ता भरतो का, मामा?" भाचीचा प्रश्न. "तू त्या बारा वर्षांत टॅक्स भरलास, सोशल सिक्युरिटीचे पैसे कापून दिलेस, तुझी मुलं इथल्या शाळेत गेली. कायद्यानेही तुला पाहुणा मानलं नव्हतं. तू गप्प बसलास ती तुझी निवड होती. आज सरकार म्हणतंय की गप्प बसणं ही अट आहे. या दोन्हींत फरक आहे."

मामा माघार घेत नाहीत, कारण त्यांनी वाचलेलं असतं. १९५२ सालचा हॅरिसिआडीस खटला ते पुढे करतात. कम्युनिस्ट पक्षात पूर्वी असलेल्या तीन परदेशी रहिवाशांना हद्दपार करायचं होतं. त्यातला एक जण लहानपणी ग्रीसहून आला होता आणि पक्षाचं सभासदत्व संपून त्याला कित्येक वर्षं झाली होती. तरीही सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने कौल दिला: परदेशी माणसाला ठेवायचं की नाही हा प्रश्न परराष्ट्र धोरण आणि संरक्षण यांच्याशी बांधलेला आहे, तो निवडून आलेल्या लोकांनी सोडवायचा. "हा निकाल आजतागायत कुणी रद्द केलेला नाही," मामा म्हणतात. "आवडो न आवडो, तो कायदा आहे."

भाची ते मान्य करते आणि त्याच्या सात वर्षं आधीचा निकाल समोर ठेवते. हॅरी ब्रिजेस हा ऑस्ट्रेलियात जन्मलेला गोदी कामगारांचा पुढारी. १९३४ मध्ये त्याने पश्चिम किनाऱ्यावरची बंदरं संपाने बंद पाडली आणि तेव्हापासून सरकार त्याला देशाबाहेर घालवायच्या मागे लागलं. १९४५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हद्दपारीचा हुकूम रद्द केला. इथे राहणाऱ्या परदेशी माणसालाही भाषणाचं आणि लेखनाचं स्वातंत्र्य आहे, असं त्या निकालात स्पष्ट लिहिलं आहे. त्याच वर्षी ब्रिजेस अमेरिकेचा नागरिक झाला.

म्हणजे एकाच न्यायालयाचे सात वर्षांच्या अंतराने दोन निकाल, आणि दोघांच्याही हातात एकेक. अमेरिकेतल्या स्थलांतरितांच्या अभिव्यक्तीचा कायदा गेली ऐंशी वर्षं या दोन निकालांच्या मधे लोंबकळत आहे.

खलीलवर कुठल्याही गुन्ह्याचा आरोप ठेवला गेला नाही. परराष्ट्रमंत्री मार्को रुबियो यांच्या सहीचं दोन पानी टिपण, एवढाच सुरुवातीचा आधार होता. १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यात एक कलम आहे: एखाद्या परदेशी माणसाच्या इथे असण्याने अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणावर गंभीर परिणाम होईल असं परराष्ट्रमंत्र्यांना सकारण वाटलं, तर त्याला काढता येतं. १९९० च्या दुरुस्तीने त्याला लगाम घातला. कायद्यात बसणाऱ्या मतांसाठी किंवा वक्तव्यांसाठी कुणाला काढता येणार नाही. अपवाद एकच, परराष्ट्रमंत्र्यांनी स्वतः तसा निर्णय घेतला तर. टिपणात नेमका हा अपवाद वापरला होता. ११ एप्रिलला लुइझियानातल्या इमिग्रेशन न्यायाधीशांनी खलीलला हद्दपारीस पात्र ठरवलं. मंत्र्यांच्या निर्णयाची उलटतपासणी करायचा अधिकार आपल्याला नाही, असं त्यांनी सांगून टाकलं.

"मग झालं तर," मामा म्हणतात. "कायदा संसदेने केला, अपवाद संसदेने ठेवला, मंत्र्याने तो वापरला. कोलंबियात २०२४ च्या एप्रिलमध्ये आंदोलकांनी हॅमिल्टन हॉल ताब्यात घेतला, ज्यू मुलांना वर्गात जायची भीती वाटू लागली. सरकारने हातावर हात ठेवून बसायचं होतं?"

"हॉल बळकावणाऱ्यावर गुन्हा दाखल करा, माझी हरकत नाही. मुलांना धमकावलं असेल तर पुरावा आणा, व्हिसा रद्द करा, मी त्याच्या आड येणार नाही. पण खलीलच्या बाबतीत सरकारने गुन्हा सांगितलाच नाही. काही न सांगता माणूस आत टाकला. आणि तुला माहितेय का, हे कलम घटनाबाह्य आहे असं याच न्यू जर्सीतल्या एका न्यायाधीशाने १९९६ मध्येच म्हटलं होतं?"

न्यायाधीश होत्या मेरीअ‍ॅन ट्रम्प बॅरी, सध्याच्या अध्यक्षांच्या सख्ख्या थोरल्या बहीण. समोर होता मेक्सिकोचा एक माजी वरिष्ठ सरकारी वकील, रुईझ मासिये. बॅरीबाईंनी निकाल दिला की हे कलम इतकं संदिग्ध आहे की कशामुळे आपल्याला काढलं जाईल हे माणसाला आधी कळूच शकत नाही, आणि त्याला आपली बाजू मांडायची खरी संधीही मिळत नाही. काही महिन्यांतच अपील कोर्टाने तो निकाल फिरवला. लिहिणारे न्यायाधीश होते सॅम्युएल अलिटो, जे आज सर्वोच्च न्यायालयात आहेत. कलम योग्य की अयोग्य यात ते शिरले नाहीत. त्यांनी एवढंच म्हटलं की आधी इमिग्रेशन कोर्टाची वाट संपव, मग आमच्याकडे ये.

तीस वर्षांनी तेच पुन्हा झालं. न्यू जर्सीच्या न्यायाधीशांनी जून २०२५ मध्ये खलीलला सोडण्याचा आदेश दिला. तोवर त्याचे १०४ दिवस कोठडीत गेले होते आणि एप्रिलमध्ये त्याचा पहिला मुलगा जन्मला तेव्हा त्याला जाऊ दिलं नव्हतं. जानेवारी २०२६ मध्ये अपील कोर्टाने दोन विरुद्ध एक अशा मताने सांगितलं की जिल्हा कोर्टाने हा अर्ज ऐकायलाच नको होता. घटनेचा प्रश्न इमिग्रेशन कोर्टातून चढत चढत वर यायला हवा.

मामांना हा निकाल पटतो. "क्रम नको का? प्रत्येक जण सरळ फेडरल कोर्टात धावला तर इमिग्रेशन कोर्टं ठेवलीत कशाला?"

भाचीचं खरं म्हणणं इथून सुरू होतं. "क्रमाचाच प्रश्न आहे, मामा. मी बोललो म्हणून मला पकडलं का, हा प्रश्न माणसाने कधी विचारायचा? पकडल्यावर लगेच, की दीड-दोन वर्षं लढून झाल्यावर? इमिग्रेशन न्यायाधीश म्हणतो, मंत्र्यांना विचारायचा अधिकार मला नाही. जिल्हा न्यायाधीश म्हणतो, मी विचारतो. त्याला वरचा म्हणतो, तू विचारू नकोस, नंतर आम्ही विचारू. मधल्या काळात तो माणूस कुठे असतो? शेवटी तो जिंकला तरी त्याचं गेलेलं कुणी भरून देणार नाही. आणि बाहेरच्या हजारो लोकांनी त्यातून घ्यायचा तो धडा घेतलेला असतो."

रुमेसा ओझतुर्कचा प्रवास ती तासातासाच्या हिशेबाने सांगते. टफ्ट्स विद्यापीठात पीएचडी करणारी ही तुर्की विद्यार्थिनी. मार्च २०२४ मध्ये विद्यापीठाच्या दैनिकात चौघांनी मिळून एक लेख लिहिला, त्यात हिचं नाव होतं. विद्यार्थी सिनेटचे ठराव विद्यापीठाने गांभीर्याने घ्यावेत, इस्रायलशी संबंधित गुंतवणूक काढून घ्यावी, अशी त्यात मागणी होती. वर्षभराने, २५ मार्च २०२५ च्या संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास ती इफ्तारला निघाली असताना सॉमरव्हिलच्या रस्त्यावर साध्या कपड्यांतल्या माणसांनी तिला घेरलं. हातातला फोन काढून घेतला, बेड्या घातल्या. काहींनी तोंडावर मास्क ओढले होते. शेजारच्या घराच्या कॅमेऱ्यात ते टिपलं गेलं. तिला गाडीतून आधी मेथ्यूनला नेलं, तिथून न्यू हॅम्पशायरमधल्या लेबननला, तिथून व्हरमाँटमधल्या सेंट ऑल्बन्सला. रात्री उशिरा बोस्टनच्या न्यायाधीशांनी तिला मॅसॅच्युसेट्सबाहेर नेऊ नये असा आदेश दिला, तेव्हा ती दोन राज्यांच्या सीमा ओलांडून गेली होती. पहाटे तिला विमानात बसवून लुइझियानाला नेलं. एवढ्या वेळात तिचा वकील तिचा ठावठिकाणा शोधत होता. अर्ज कुठल्या कोर्टात करायचा हे माणूस कुठे आहे यावर ठरतं, आणि माणूस कुठे आहे हे फक्त सरकारला माहीत.

सहा आठवड्यांनी, ९ मे रोजी, व्हरमाँटच्या फेडरल न्यायाधीशांनी तिला सोडलं. तिच्याविरुद्ध सरकारने त्या लेखापलीकडे काही आणलेलं नाही, हे त्यांनी नोंदवलं. कोठडीत तिला दम्याचे झटके येत होते.

"लेख मला पटत नाही," मामा म्हणतात, "पण लेखासाठी बेडी? ते मलाही पटलं नाही. मी म्हणतो, व्हिसा रद्द करा, पंधरा दिवस द्या, विमानाचं तिकीट काढायला सांगा."

"कारण न सांगता?"

"व्हिसाला कारण लागत नाही."

"आत येताना लागत नाही. इथे राहून, भाडं भरून, अर्धी पीएचडी झाल्यावर लागतं. हे मी नाही, सर्वोच्च न्यायालयाने १९०३ मध्ये सांगितलंय."

खटला एका जपानी मुलीचा होता. जहाजातून सिअ‍ॅटलला उतरलेल्या त्या मुलीचा दावा कोर्टाने फेटाळला. पण जाता जाता एक तत्त्व घालून दिलं: देशात आलेल्या माणसाला आपलं म्हणणं मांडायची संधी न देता सरकारी अधिकारी मनाला येईल तेव्हा बाहेर काढू शकत नाहीत. त्याआधी १८९६ मध्ये वाँग विंग खटल्यात ठरलं होतं की बेकायदा राहणाऱ्या चिनी माणसालाही खटला चालवल्याशिवाय सक्तमजुरी देता येणार नाही. रीतसर प्रक्रियेची हमी देणारी अमेरिकेच्या घटनेची पाचवी दुरुस्ती नागरिकांपुरती लिहिलेली नाही. स्थलांतराबाबत कडक म्हणून ओळखले जाणारे न्यायमूर्ती स्कालिया यांनीही १९९३ च्या एका निकालात हद्दपारीच्या कामकाजात परदेशी माणसाला रीतसर प्रक्रियेचा हक्क आहे, हे निर्विवाद म्हणून लिहिलं आहे.

मामांचा पुढचा मुद्दा व्यवहाराचा आहे आणि तो हलका नाही. इमिग्रेशन कोर्टांत तीस लाखांहून अधिक प्रकरणं तुंबली आहेत, न्यायाधीश अवघे काही शे. निकाल लागायला कित्येक वर्षं लागतात. "प्रत्येकाला सगळी प्रक्रिया म्हणजे कुणालाच कायदा लागू नाही," मामा म्हणतात. "जो नियमाने रांगेत थांबला तो मूर्ख ठरतो. आपल्या ओळखीतली किती मुलं वीस-वीस वर्षं ग्रीन कार्डची वाट बघतायत. त्यांच्या रागाला काही किंमत आहे की नाही?"

भाची हा राग उडवून लावत नाही. ती स्वतः त्याच रांगेत आहे. पण त्या कोर्टाच्या आतलं चित्र ती सांगते. इमिग्रेशन न्यायाधीश स्वतंत्र न्यायव्यवस्थेचे नसतात, न्याय खात्याचे नोकर असतात. नेमणूक आणि बडतर्फी दोन्ही खात्याच्या हातात. हद्दपारी ही शिक्षा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १८९३ मध्येच ठरवलं. म्हणून पाकीटमाराला मिळतो तसा सरकारी खर्चाने वकील इथे मिळत नाही. लहान मुलंही कधी कधी वकिलाविना न्यायाधीशासमोर उभी राहतात. "सगळी प्रक्रिया म्हणतोस ती एवढीशी आहे, मामा. एक नोटीस, त्यात कारण, आणि उत्तर द्यायला एक तारीख. तीही जड होते?"

ती जड का होऊ नये, याचं उदाहरण दोघांनाही जवळचं आहे. २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये हजारो परदेशी विद्यार्थ्यांची नोंद सरकारच्या संगणकातून एकाएकी रद्द झाली. नोंद गेली की शिकण्याचा आणि राहण्याचा परवाना गेल्यातच जमा. इमिग्रेशन वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेने गोळा केलेल्या ३२७ प्रकरणांत निम्मे विद्यार्थी भारतीय होते. मिशिगनमध्ये चौघांनी दावा ठोकला, त्यांतही एक भारतीय होता. देशभरच्या न्यायाधीशांनी एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली: कशाच्या आधारावर? तेव्हा एका अधिकाऱ्याने कोर्टात सांगितलं की सुमारे १३ लाख विद्यार्थ्यांची नावं गुन्हे नोंदीच्या संगणकातून फिरवली, सुमारे ६,४०० नावं जुळली आणि त्यांतून पुढची कारवाई झाली. जुळलेल्यांत खटला कधीच निकालात निघालेले होते, किरकोळ वाहतुकीच्या पावत्या होत्या. २५ एप्रिलला सरकारने नोंदी परत सुरू करत असल्याचं कोर्टात सांगितलं.

"हे बघ, चूक सुधारली ना?" मामा.

"न्यायाधीशाने विचारलं म्हणून सुधारली. विचारायच्या आत विमानात बसवलं असतं तर?"

तसंही घडलेलं आहे. १५ मार्च २०२५ रोजी १७९८ सालच्या शत्रू-परदेशी कायद्याचा आधार घेऊन व्हेनेझुएलाच्या शंभराहून अधिक लोकांना एल साल्वाडोरच्या महाकाय तुरुंगात पाठवलं. टोळीचे सभासद असल्याचा आरोप होता आणि अनेकांच्या बाबतीत पुरावा म्हणून गोंदण दाखवलं गेलं. त्यात एक मेकअप करणारा तरुण होता. त्याच्या मनगटांवर दोन मुकुट गोंदलेले होते, एकाशी आई आणि दुसऱ्याशी बाबा असं लिहिलेलं. त्याच दिवशीच्या विमानात किल्मार अब्रेगो गार्सिया होता. एल साल्वाडोरला याला पाठवू नये, असा इमिग्रेशन न्यायाधीशाचा हुकूम २०१९ पासून कागदावर होता. सरकारने कोर्टात ही प्रशासकीय चूक असल्याचं मान्य केलं आणि वर सांगितलं की आता तो दुसऱ्या देशाच्या ताब्यात आहे, आम्ही काय करणार.

हे सांगताना भाचीने मामांना मार्सेची आठवण करून दिली. ८ जुलै १९१० ला सावरकरांनी मोरिया बोटीवरून उडी घेतली, पोहत फ्रान्सच्या धक्क्यावर पोचले आणि फ्रेंच पोलिसाने त्यांना धरून इंग्रजांच्या हवाली केलं. प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं. २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल आला: ताब्यात देण्यात अनियमितता झाली खरी, पण म्हणून कैद्याला परत करायचं बंधन इंग्लंडवर नाही.

"ते प्रकरण वेगळं," मामा लगेच म्हणाले. "तो राजकीय कैदी होता, खटल्यासाठी नेत होते."

"माणूस वेगळा, देश वेगळा, कबूल. पण चूक झाली तरी माणूस परत मिळणार नाही, हे तेव्हा आपल्याला अन्याय्य वाटलं की नाही? शाळेत शिकवताना तसंच शिकवलं ना? या वेळी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हेगसारखं म्हटलं नाही. १० एप्रिलला सांगितलं, त्याच्या सुटकेसाठी सरकारने हालचाल करायला हवी. जूनमध्ये त्याला परत आणावं लागलं."

शत्रू-परदेशी कायद्याबाबतही सर्वोच्च न्यायालय बाकी मुद्द्यांवर पाच विरुद्ध चार असं विभागलं, पण नोटीस आणि कोर्टात दाद मागायची संधी हवी यावर नऊच्या नऊ न्यायमूर्तींचं एकमत होतं. मे महिन्यात त्यांनी आणखी सांगितलं की हद्दपारीच्या एक दिवस आधी हातात कागद ठेवणं म्हणजे नोटीस नव्हे. हे वाचून मामांनी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली: टोळीवाल्याला काढायला त्यांचा विरोध नाही, पण टोळीवाला कोण हे ठरवायला मधे कुणीतरी हवा.

मग त्यांनी उलटा प्रश्न केला, आणि तो वाचकाच्याही मनात असेल. "आपल्या भारतात काय आहे? भाषणस्वातंत्र्याचं कलम १९ फक्त नागरिकांना. सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्येच सांगून टाकलं की परदेशी माणसाला बाहेर काढायचा सरकारचा अधिकार पूर्ण आहे. मग अमेरिकेकडून एवढी अपेक्षा का?"

भाचीने मान डोलावली. भारतात परदेशी माणसाचा मुख्य आधार कलम २१ हा आहे, जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा. पण तेवढ्यावरही काय होऊ शकतं ते तिने सांगितलं. नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या मोर्चाला गेला म्हणून जादवपूर विद्यापीठातल्या एका पोलिश विद्यार्थ्याला देश सोडायची नोटीस मिळाली होती. मार्च २०२० मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने ती रद्द केली. आणि प्रक्रिया गाळली की काय होतं, हे महाराष्ट्राने जून २०२५ मध्ये पाहिलं. मीरा रोडसारख्या भागांतून बांगलादेशी समजून उचललेल्या बंगाली मजुरांपैकी काहींना सीमेपलीकडे ढकललं गेलं. पश्चिम बंगाल सरकारने कागद पुढे केल्यावर त्यांना परत आणावं लागलं. ते भारतीय नागरिक होते. "त्यांना भाषणस्वातंत्र्य नको होतं, मामा. कागद बघायला एक माणूस आणि एक दिवस हवा होता."

नागरिक झालं की आपण या सगळ्यातून सुटलो, असं मामांना वाटे. जून २०२५ मध्ये न्याय खात्याने नागरिकत्व रद्द करण्याच्या खटल्यांना अग्रक्रम द्यायचं ठरवलं, तेव्हा ते अस्वस्थ झाले. भाचीने त्यांना सखाराम गणेश पंडित या वकिलाची हकिगत सांगितली. पंडित १९१४ मध्ये कॅलिफोर्नियात अमेरिकन नागरिक झाले आणि लॉस एंजेलिसला वकिली करू लागले. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद खटल्यात भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही, असं ठरवलं. थिंद यांच्या बाजूने काम करणाऱ्या वकिलांत पंडितही होते. त्या निकालानंतर सरकारने आधीच नागरिक झालेल्या भारतीयांची नागरिकत्वं काढून घ्यायचा सपाटा लावला. पंडितांवरही खटला भरला.

वंशाच्या मुद्द्यावर पंडितांना जिंकणं शक्य नव्हतं. ते प्रक्रियेच्या मुद्द्यावर उभे राहिले. १९१४ मध्ये हाच प्रश्न कोर्टापुढे आला होता, सरकारने तेव्हाच हरकत घेतली होती, कोर्टाने ती फेटाळली होती आणि सरकार अपिलात गेलं नव्हतं. मग आता इतक्या वर्षांनी तोच प्रश्न उकरायचा अधिकार कुठून आला? १९२६ मध्ये अपील कोर्टाने पंडितांच्या बाजूने निकाल दिला, पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्ज ऐकायला नकार दिला आणि बाकीच्या भारतीयांवरचे खटले सरकारने सोडून दिले. ज्या देशाने त्यांना गोरा मानायला नकार दिला, त्याच देशाच्या कोर्टाच्या एका जुन्या निकालपत्राने त्यांना वाचवलं.

मामांनी पंडितांचं नाव पूर्वी ऐकलं नव्हतं. त्या रात्री त्यांनी तो निकाल शोधून वाचला आणि दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाले, "हा माणूस हुशार होता. पण तू त्याच्यावरून जे काढतेस ते पुरतं निघत नाही. त्याच्याजवळ कोर्टाचा निकाल होता. विद्यार्थ्याजवळ काय असतं?"

"म्हणून तर म्हणते, त्याला एक सुनावणी द्या. म्हणजे त्याच्याजवळही काहीतरी असेल."

वाद सर्वांत तापला तो भाचीच्या धाकट्या भावावरून. तो पुण्यात आहे, एमएससाठी अर्ज केलेत. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्याने समाजमाध्यमांवरची आपली खाती सर्वांना दिसतील अशी खुली ठेवावीत, असा नियम आला. डिसेंबरपासून तो एच-वन-बी आणि त्यांच्या कुटुंबीयांनाही लागू झाला. मामांनी भावाला परस्पर फोन करून सांगितलं: गाझाबद्दल, ट्रम्पबद्दल, जे काही लिहिलं असशील ते पुसून टाक, आणि मित्रांच्या पोस्टवरचे लाइकही काढ.

भाचीने ते धरलं. "कायदा पाळणाऱ्याला काही होत नाही, असं तूच म्हणतोस ना? मग त्याने कुठला कायदा मोडलाय? गाझाच्या एका कविसंमेलनाचा फोटो टाकलाय त्याने."

"मोडला नाही. पण कॉन्सुलेटमधला अधिकारी काय म्हणेल, ते ना तुला माहीत ना मला."

"बॅरीबाई हेच म्हणाल्या होत्या १९९६ मध्ये. कशामुळे काढतील ते आधी कळत नाही. मग माणूस सगळंच बोलायचं सोडतो. सप्टेंबर २०२५ मध्ये बोस्टनच्या जज यंग यांनीही तेच लिहिलं. प्राध्यापकांच्या संघटनेच्या खटल्यात त्यांनी निकाल दिला की कायदेशीर राहणाऱ्या परदेशी माणसाला नागरिकाइतकंच भाषणस्वातंत्र्य आहे, आणि काही जणांना पकडून सरकारने बाकीच्यांना गप्प केलं. तू त्या बाकीच्यांतला आहेस, मामा, आणि तू तर नागरिक आहेस."

मामा चिडले. मुलाचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून दिलेला सल्ला आणि तत्त्व यांची गल्लत करू नकोस, असं त्यांनी सुनावलं. आपण हा सल्ला बेधडक देतो याचा अर्थ काय होतो, हे मात्र त्यांनी नाकारलं नाही.

आज दोघं जिथे पोचलेत ती जागा अशी. मामा म्हणतात, परराष्ट्र धोरणाचं कलम राहू द्या, पण संसदेने ते नीट लिहावं: मंत्र्याने कारण द्यावं, ते एखाद्या स्वतंत्र न्यायाधीशाने तपासावं, आणि तपासून होईपर्यंत ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप नाही त्याला घरीच राहू द्यावं. भाची म्हणते, धमकी, मारहाण, इमारत बळकावणं हे बोलणं नव्हे. रीतसर सुनावणी होऊन त्यासाठी व्हिसा गेला तर ती सरकारच्या विरोधात उभी राहणार नाही. एवढ्यावर एकमत आहे.

उरलेलं भांडण ग्रीन कार्डवाल्याच्या नुसत्या बोलण्याचं आहे. सुनावणी झाली, कारण दिलं, न्यायाधीशाने तपासलं आणि तरीही सरकारचं कारण हेच निघालं की याची मतं आमच्या धोरणाला त्रासदायक आहेत, तर? मामांच्या मते अशा वेळी निवडून आलेल्या सरकारचं ऐकावं. हॅरिसिआडीस तेच सांगतो. भाचीच्या मते तिथेच सरकार हरलं पाहिजे, नाहीतर सुनावणी म्हणजे नुसती तारीख. सर्वोच्च न्यायालयाने १९५२ नंतर हा प्रश्न सरळ हातात घेतलेला नाही. खलीलच्या खटल्यातून किंवा प्राध्यापकांच्या खटल्यातून तो तिथवर जाईल, असं भाचीला वाटतं. मामा म्हणतात, गेला तर सरकार जिंकेल. भावाच्या व्हिसाची मुलाखत मुंबईला व्हायची आहे, आणि तो फोटो ठेवायचा की काढायचा यावर घरात अजून दोन मतं आहेत.